माहीत नाही

आमच्या आलुबुखारांचं नावच 'नेम्तुदोम'.
म्हणजे, माहीत नाही.
कुणीतरी कधीतरी विचारलं असेल, जात कुठली,
आणि झाडाखाली बसलेल्याने खरं तेच सांगितलं असेल.
तिसा नदीच्या पुरात वाहत आलेल्या बिया
अडकल्या तिथे रुजल्या.
ना कुणी लावलं, ना कलम केलं.

ही फळं तोडायची नसतात.
देठापाशी सुरकुती पडली की आपली आपण खाली येतात,
मग वाकायचं, उचलायचं, पुन्हा वाकायचं.
साखर घालायची नाही.
एतेल्काच्या मते साखर म्हणजे घाई.

बावीस वर्षं मी ट्रक चालवतोय.
साडेचार तास चाक, मग पंचेचाळीस मिनिटं सक्तीची विश्रांती.
डॅशबोर्डातलं यंत्र मिनिट न् मिनिट लिहून ठेवतं.
काहिलीला असलं काही नसतं.
"हात थांबला की खाली लागलं," बहीण म्हणाली,
"आणि एकदा खाली लागलं
की सगळा जॅम वर्षभर तेच सांगत बसतो."

हे काम बायकांचं.
पुरुषांनी लाकडं फोडायची,
तांब्याची काहील खड्ड्यावर चढवायची
आणि पालिंकाची बाटली घेऊन कुंपणापाशी जायचं.
पण यंदा यूलिश मुलीकडे, ग्राझला.
मार्गितचा खांदा निखळलेला.
थोरली वाल्बुर्गा तर मार्चमध्येच गेली,
तिचा लाकडी घोटा तेवढा आमच्या भिंतीला टेकून उभा.
एतेल्काने माझ्याकडे पाहिलं,
घरात उरलेल्या शेवटच्या स्वच्छ भांड्याकडे पाहावं तसं.
"धर."

पहाटे पाचला विस्तव.
दुपारपर्यंत नुसतं पाणचट, विटकरी, फसफसणारं.
संध्याकाळी रंग गडद झाला, आवाज जड झाला,
गुप्... गुप्...
एक थेंब उडून मनगटावर बसला, तेव्हा कळलं
घोट्याचा दांडा दोन पुरुष लांब का असतो.

रात्री एकच्या सुमाराला
पहिल्यांदाच आम्ही दोघं असे होतो
की कुणी उठून जाऊ शकत नव्हतं.
मी विचारलं,
तू लाझारबरोबर का गेली नाहीस?

तिने एक ओंडका आत सरकवला.
"स्टेशनपर्यंत गेले होते."
मला हे ठाऊक नव्हतं.
"बॅग होती. निळी, आईची.
साडेसहाची गाडी आली, तो चढला, त्याने हात पुढे केला."
"मग?"
कुत्रं झोपेत गुरगुरलं.
"नेम्तुदोम," ती म्हणाली.

आणि मग ओरडली,
"हात, बेने! हात!"

मी ढवळू लागलो. वेगात, उगाचच,
जणू गेलेली पाच सेकंदं काठाकाठाने खरवडून काढता येतील.
तिने चमचाभर उचलून फुंकलं,
चाखलं,
काहीच बोलली नाही.
चमचा उलटा धरला. जॅम पडला नाही.
"झालं," म्हणाली.

उजाडताना मातीच्या बरण्या भरल्या,
भट्टीच्या उरल्या उबेत ठेवल्या, वर साय धरेपर्यंत.
तळातल्या जॅमची बरणी तिने वेगळी काढली,
तिच्यावर खडूने फुली मारली.
"ही तुझी."

आता पासाऊच्या अलीकडे, ट्रकच्या रांगेत,
यंत्र चौतीस मिनिटं दाखवतंय.
सुरीने कापावा लागतो, इतका घट्ट.
पावावर लावला की आधी आंबट,
मग गोड, अगदी मागून,
आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या मुळाशी,
जरासा धूर.

शेजारच्या ट्रकमधला तुर्की माणूस खिडकीतून विचारतो,
कुठलं फळ?
मी खरं तेच सांगतो.
तो हसतो,
आणि पावाचा तुकडा पुढे करतो.